तिथी पाहून समुद्रावर



नाताळची सुट्टी जवळ आली की घरोघरी कोकणचे बेत सुरू होतात. गाडी कोणती करायची, उतरायचं कुठे, मासे कुठे चांगले मिळतात, या चर्चेत घरातले सगळे हिरिरीने भाग घेतात. आपल्या वाट्याला सामान भरणं येतं. आणि समुद्रावर पोचल्यावर? जरा आठवून बघा. मुलं पाण्यात, पुरुषमंडळी मुलांच्या मागे, आणि कोरड्या वाळूत चटईवर बसलेली एक बाई. तिच्याभोवती सहा-सात जोड चपला, पाकिटं, मोबाईल, टॉवेल आणि चिवड्याचा डबा. ती बाई बहुतेक वेळा आपणच असतो. घरी आल्यावर कुणी विचारलं, "कसा होता समुद्र?" तर आपण म्हणतो, "छान होता." होता खरा, पण आपण तो लांबून पाहिलेला असतो.

म्हणून यंदा गुहागरला जायचं ठरलं तेव्हा मी एका दिवसाचा बेत स्वतःकडे मागून घेतला. त्यात दोनच गोष्टी होत्या. सकाळी किनाऱ्यावरून लांबवर पायी फिरायचं, आणि दुपारी गाडीने किनाऱ्याच्या रस्त्याने हेदवीपर्यंत जाऊन यायचं. दोन्हींच्या वेळा मात्र घड्याळ बघून ठरवल्या नाहीत, तिथी बघून ठरवल्या. हे कसं ते आधी सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

शाळेत मी मुलांना भरती-ओहोटीचा धडा शिकवते. चंद्राच्या ओढीने पाणी चढतं, दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे पुस्तकात आहेच. पण पुस्तकात नसलेला हिशेब मला आमच्याच शाळेतल्या एका बाईंनी सांगितला. त्या मूळच्या दापोलीकडच्या. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करतात. जो आकडा येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराला. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. जी वेळ दुपारी, तीच साधारण पुन्हा रात्री. भरतीपासून सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आपल्याला काही बोट हाकायची नाही. फिरायला जाण्यापुरता हा हिशेब अगदी पुरतो. मोबाईलवर हल्ली भरतीचं वेळापत्रक मिळतं तेही पडताळून पाहावं. पण स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कॅलेंडर असतंच, आणि चतुर्थी-एकादशी आपल्याला तोंडपाठ असतात. हा हिशेब आपल्याइतका पटकन घरात दुसऱ्या कुणाला जमणार?

आणखी एक. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी फार चढतं आणि तितकंच फार उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला पाणी चढतंही थोडं आणि उतरतंही थोडं, त्याला भांग म्हणतात. लांब फिरायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस उत्तम. ओहोटी सकाळी साडेसहा-साडेसातला पडते, किनारा भरपूर रुंद उघडा होतो, आणि उन्हं अजून कोवळी असतात.

आम्ही निवडली वद्य द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडला भरती आणि सकाळी सव्वासातच्या सुमाराला ओहोटी.

बेत ऐकून आमच्या भाऊजींनी लगेच दुसरा मांडला. "वहिनी, एवढं लांब येऊन नुसतं गुहागर आणि हेदवी? तवसाळहून फेरीबोटीत गाडी घालू, जयगडला उतरू, मालगुंड, गणपतीपुळे करून रात्रीपर्यंत परत!" मालगुंड म्हणजे कवी केशवसुतांचं जन्मगाव, तेव्हा मोह मलाही झालाच. पण मी विचारलं, "यात आईंना गाडीतून किती वेळा उतरवायचं आणि किती वेळा चढवायचं?" आमच्या सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, गुडघे कुरकुरतात. भाऊजींच्या बेतात त्यांचा दिवस गाडीच्या खिडकीत गेला असता. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "आणि माझा मुलांच्या ओकाऱ्या पुसण्यात." मग माझ्या बेताला मतं पडली. भाऊजींची फेरीबोट दुसऱ्या दिवसावर गेली.

आम्ही घाटावरची माणसं. कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूण गाठायचं आणि तिथून तासा-दीड तासात गुहागर. गाव मोठं गोड आहे. लांबच लांब एकच रस्ता, दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाड्यांच्या मागे समुद्र. गावात श्रीव्याडेश्वराचं देऊळ आहे, कोकणस्थांतल्या कितीतरी घराण्यांचं ते कुलदैवत. आणखी एक देऊळ आहे उफराट्या गणपतीचं. समुद्र गावात शिरू लागला तेव्हा पूर्वेकडे तोंड असलेला गणपती फिरून समुद्राकडे तोंड करून बसला आणि त्याने पाणी थोपवलं, अशी कथा सांगतात. समुद्राच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना त्याचं प्रेम जितकं, तितकीच धास्ती, हे त्या कथेतून कळतं.

सकाळी सातला आम्ही सगळे किनाऱ्यावर होतो. निघण्यापूर्वी मी एक नियम केला होता. प्रत्येकाला एकेक जुनी कापडी पिशवी द्यायची. वाळूवर आलं की आपापल्या चपला आपापल्या पिशवीत घालून खांद्याला अडकवायच्या. पाकिटं, मोबाईल, टॉवेल खोलीवर. खाण्याचं काहीही बरोबर नाही, परत आल्यावर न्याहारी. म्हणजे राखण करायला काही उरलंच नाही, आणि राखणदारही लागला नाही.

गुहागरचा किनारा पाच-सहा किलोमीटर लांब आहे. काठाने सुरूची झाडं, दक्षिणेला असगोलीच्या बाजूचा डोंगर. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की ओल्या वाळूचा सपाट, घट्ट पट्टा मोकळा होतो. चालायचं ते याच पट्ट्यावरून. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू पायाला दमवते, पाऊल रुतलं की गुडघा पिळवटतो. ओली वाळू सारवलेल्या अंगणासारखी लागते. सासूबाईंनी एका हाताने नातीचा हात धरला, दुसऱ्या हाताने लुगड्याचा ओचा सावरला, आणि चालू लागल्या. मला वाटलं होतं, फार तर दहा मिनिटं चालतील. थोडं चालायचं, थोडं थांबायचं, असं करत त्या पाऊण तास चालल्या. मध्येच म्हणाल्या, "अगं, मी समुद्रावर कितीदा आले! पाण्याला हात लावून नमस्कार करायचा आणि मागे येऊन सामानापाशी बसायचं. समुद्राच्या कडेने चालत कुठे तरी जाता येतं, हे कधी डोक्यातच आलं नाही."

यावर काय बोलणार? आम्ही दोघी जावा गप्पच राहिलो. पुढची पंचवीस-तीस वर्षं आम्हीही तेच केलं असतं.

ओहोटीच्या वाळूवर बघायला किती असतं म्हणून सांगू! बारीक खेकड्यांची बिळं असतात आणि प्रत्येक बिळाभोवती वाळूच्या मुगाएवढ्या गोळ्यांची नक्षी. खेकडा वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं अन्न तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतो. मुलं तासभर त्यातच रमली. थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे पाण्याच्या कडेला बसलेले असतात. शिंपले वेचायचे तर रिकामेच वेचावेत आणि मूठभरच.

गुहागरच्या किनाऱ्यावर थंडीत समुद्री कासवं अंडी घालायला येतात. रात्री कासवीण वर येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि परत जाते. पहाटे तिच्या येण्याजाण्याची खूण वाळूवर दिसते, ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखी. असं काही दिसलं तर पुसू नका, उकरू तर मुळीच नका. गावात वनखात्यासाठी काम करणारे कासवमित्र असतात, त्यांना कळवा. रात्री विजेऱ्या घेऊन किनाऱ्यावर हिंडू नये ते याचसाठी. उजेड दिसला की ती बिचारी अंडी न घालताच फिरते. २०२३ च्या फेब्रुवारीत याच किनाऱ्यावर दोन कासविणींच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र बसवलं होतं. एकीचं नाव गुहा, दुसरीचं बागेश्री. त्यातली बागेश्री पोहत पोहत श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली! हे ऐकून आमची धाकटी म्हणाली, "एकटीच?" हो, एकटीच.

आता एक गंभीर गोष्ट. चालायला ओहोटी उत्तम, पण पोहायला नव्हे. ओसरणारं पाणी आत ओढतं. आमच्याकडची माणसं नदीत-विहिरीत पोहलेली असतात आणि त्यांना वाटतं, समुद्रही तसाच. लाटा फुटताहेत आणि मध्येच एखादा पट्टा शांत दिसतोय, तर तो पट्टा सुरक्षित समजू नका. बऱ्याचदा तिथूनच पाणी परत आत जात असतं. मुलांना घोट्याएवढ्या पाण्याच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि गावकरी नको म्हणाले की नको. कुणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेने झटापट करून दमू नये. तरंगत राहावं, हात वर करून हाक मारावी, आणि किनाऱ्याला समांतर, आडवं सरकत ओढीच्या पट्ट्याबाहेर पडावं. हे घरातल्या सगळ्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. पाण्यात उतरल्यावर कुणी ऐकत नसतं.

नऊला परतलो. न्याहारीला घरून नेलेल्या दशम्या आणि तिळाची चटणी होती. अंघोळी उरकून साडेदहाला गाडी निघाली.

हा रस्ता पालशेत, अडूर करत वेळणेश्वरला जातो आणि तिथून पुढे हेदवीला. अंतर फार नाही, पण घाई करण्यासारखाही नाही. रस्ता चढतो तो जांभ्या दगडाच्या लाल दरडींमधून. वर सड्यावर आलं की एकदम मोकळं. वाळून सोनेरी झालेलं गवत, कुंपणाआड आंब्याची कलमं, कुठे कुठे मोहोर फुटलेला. मग वळण येतं आणि खाली समुद्र दिसतो. पुन्हा वळण, समुद्र गेला, खाली खाडी, नारळ आणि कौलारू घरं. मुलांनी खेळच केला, समुद्र आधी कुणाला दिसतो याचा. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि नजर रस्त्यावर लांब ठेवायला सांगा. मोबाईलमध्ये बघायचं नाही. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. आलेपाकाची वडी तोंडात ठेवावी. जाऊबाईंच्या मुलांना एकदाही त्रास झाला नाही.

वेळणेश्वरला शंकराचं देऊळ किनाऱ्याच्या अगदी जवळ आहे, आणि किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला. आम्ही तिथे पाऊण तास बसलो. कुणी कुणाला "चला, उशीर होतोय" म्हणालं नाही, कारण पुढची वेळ आमच्या हातात नव्हतीच. ती भरतीच्या हातात होती.

साडेबाराला हेदवी. डोंगराच्या कुशीत दशभुज गणपतीचं देऊळ आहे, आणि खाली समुद्रावर उमामहेश्वराचं. या खालच्या देवळाजवळच्या काळ्या कातळात एक उभी, अरुंद भेग आहे. तिला बामणघळ म्हणतात. ओहोटीला गेलात तर ती नुसती खडकातली फट. म्हणूनच कितीतरी लोक बघून "यात काय आहे?" म्हणत परत फिरतात. भरतीला मात्र लाट त्या भेगेत शिरते, पुढे जायला जागा नसते, मागून दुसरी लाट रेटत असते, आणि कोंडलेलं पाणी धाडकन उंच उसळतं. आधी आतून ढोल वाजवल्यासारखा आवाज, मग पांढरा फवारा. आम्ही पोचलो तेव्हा पाणी थोडंच उडत होतं. एकच्या पुढे ते माणसाच्या डोक्यावरून जाऊ लागलं. भाऊजी, ज्यांना दिवसात आठ ठिकाणं बघायची होती, ते एकाच दगडावर तासभर बसले होते. "वहिनी, आणखी एक लाट," म्हणत.

इथे कडेला जाऊ नका. कातळ ओला आणि शेवाळलेला असतो, सात लाटा लहान येतात आणि आठवी अंगावर येते. फोटोसाठी तर नाहीच. लांबच्या कोरड्या दगडावरून सगळं दिसतं. ऊन भर डोक्यावर असतं, तेव्हा टोपी, पाणी आणि साखर-मीठ घातलेलं कोकमाचं सरबत बरोबर असू द्या.

जेवण एका घरगुती खाणावळीत सकाळीच सांगून ठेवलं होतं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, वालाची उसळ, सोलकढी आणि उकडीचे मोदक. आयतं पान समोर आलं की पिठल्याचीही चव वेगळी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. वाढणाऱ्या बाईंना मी बामणघळीबद्दल विचारलं तर हसून म्हणाल्या, "पाच मिनिटांवर आहे, पण तीन महिन्यांत तिकडे फिरकले नाही. सीझन ना!" चूल सुटत नाही, मग घर समुद्रावर असो की घाटावर. पानं आम्ही आमची उचलली, तेवढंच आमच्या हातात होतं.

चार-साडेचारला गुहागर. पाणी पुन्हा ओसरू लागलेलं. संध्याकाळी सगळ्यांनीच परत चक्कर मारली, पण या वेळी जो तो आपल्या चालीने. हे आणि भाऊजी पुढे, मुलं शिंपले शोधत, सासूबाई सुरूच्या सावलीत ओंडक्यावर बसल्या, स्वतःच्या मर्जीने. मी एकटी अर्धा तास डोंगराच्या दिशेने चालत गेले आणि परत आले. वाटेत काही घडलं नाही. कुणी हाक मारली नाही, कुणाचं काही सांडलं नाही, कुणाला भूक लागली नाही. पायाखाली थंड वाळू आणि डाव्या-उजव्या कानाला तोच आवाज. अर्ध्या तासाने परतले तेव्हा सगळे जिथल्या तिथे ठीक होते. मला वाटतं, हे बघायलाही कधीतरी अर्धा तास लांब जायला हवं.

आता बेत करणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. पावसाळ्यात समुद्रावर उतरू नये. किनाऱ्यावर साडी नेसणार असाल तर सुती, घोट्याच्या जरा वर नेसलेली. निऱ्या ओल्या झाल्या की जड होतात आणि पायात येतात. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी चालू नये. तळपायाला शिंपला कापला तरी कळत नाही, तेव्हा बंद, हलके बूट घालावेत. पायाची वाळू ओली असताना पुसत बसू नका. वाळू द्या, मग अंगाला लावायची पावडर भुरभुरून कोरड्या फडक्याने झटका, लगेच सुटते. खाऱ्या पाण्याचे कपडे त्याच दिवशी गोड्या पाण्यातून काढा. प्लॅस्टिकची एकही पिशवी किनाऱ्यावर ठेवून येऊ नका.

आणि निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाच्या हातात एकेक कापडी पिशवी द्या. जुन्या साडीची शिवली तरी चालते, लांबट बंद मात्र हवा, म्हणजे खांद्यावर राहते. देताना एवढंच सांगा, आपापल्या चपला आपण सांभाळायच्या.